बैठकीच्या खोलीतील हेरकथा

हेरकथेतील कारस्थान शत्रूच्या प्रदेशात घडते, हा संकेत बीबीसीच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९) या सात भागांच्या मालिकेने बाजूला सारला. जॉन ल कारे यांच्या १९७४ च्या कादंबरीवरील ही मालिका उघडते ती बैठकीच्या खोलीत. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे चार अधिकारी एकेक करून येऊन बसतात. शेवटचा, हेडन, चहाच्या कपावर बशी झाकून येतो. सोव्हिएत हस्तक तोच. (म्हणजे प्रेक्षकाला सारे प्रारंभीच दाखवलेले असते.) त्याला कवच लाभते ते सहकाऱ्यांच्या महत्त्वाकांक्षेचे. ‘विचक्राफ्ट’ या गुप्त माहितीच्या बळावर अ‍ॅलेलाइन खातेप्रमुख होतो. तिच्यावर संशय घेणे म्हणजे स्वतःच्या पदावरच संशय घेणे होय.

या संदर्भात १९६३ मध्ये मॉस्कोला पळालेल्या किम फिल्बीचे नाव घेण्याची प्रथा आहे. अधिक बोलके उदाहरण अँथनी ब्लंटचे. मालिका संपून महिनाही झाला नव्हता, तोच १५ नोव्हेंबर १९७९ रोजी मार्गारेट थॅचर यांनी संसदेत त्याचे हेरपण उघड केले. निराशावादी मानली गेलेली ही मालिका इतिहासाच्या तुलनेत भाबडीच वाटते. बिंग फुटताच हेडनची सत्ता संपते. ब्लंटने मात्र १९६४ मध्येच अभयाच्या हमीवर कबुली दिली होती. तरीही १९७२ पर्यंत राणीचा चित्रसंग्रह त्याच्याच देखरेखीखाली राहिला. त्याचा ‘सर’ हा किताब काढून घेतला गेला तो नाव जाहीर झाल्यावर.