औंधच्या टेकडीवरील चित्रसंग्रह

सातारा जिल्ह्यातील औंध येथे यमाई देवीच्या डोंगरावर जाताना वाटेत एक इमारत लागते. तेच श्री भवानी चित्रसंग्रहालय. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारिले.

संस्थान लहान, आणि त्याचा मुलूखही विखुरलेला. खुद्द औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात मोडतात. एवढ्याशा संस्थानिकाने चित्रांवर द्रव्य वेचावे, हा कोणास केवळ राजेशाही शौक वाटेल. पण बाळासाहेब स्वतः कुंचला धरणारे होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले आणि अजिंठ्यावरील ग्रंथ १९३२ साली निघाला. जो स्वतः रेखाटन करितो, त्याला एका हाताची पाच बोटे साधावयास किती वेळ लागतो, हे ठाऊक असते. म्हणून तो दुसऱ्याच्या चित्रापुढेही थांबतो.

प्रेक्षकाचे मात्र उलट होते. डोंगर चढून आलेली मंडळी एका दारातून आत शिरतात, भिंतीवरची नावे वाचितात आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडतात. घरी गेल्यावर ‘संग्रहालय पाहिले’ असे सांगतात. काय पाहिले, हे विचारिले तर उत्तर सुचत नाही.

येथे राजा रविवर्मा यांचे ‘सैरंध्री’ हे चित्र आहे. अज्ञातवासातील द्रौपदीस राणी सुदेष्णेने मद्य आणण्याच्या निमित्ताने कीचकाच्या घरी धाडिले, ही कथा घरोघरी ठाऊक. कथा ठाऊक आहे म्हणूनच डोळा ‘ओळखले’ म्हणतो आणि पुढे सरकतो. ओळखणे निराळे आणि पाहणे निराळे. प्रेक्षकाने पाच मिनिटे उभे राहून स्वतःस विचारावे: उजेड कोठून येतो? हात काय करितात? पावले पुढे निघाली आहेत की अडली आहेत? अब्रू आणि आज्ञा यांच्या कात्रीत सापडलेली स्त्री मग हळूहळू दिसू लागते.

त्याच संग्रहात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची ‘माता आणि बालक’ ही पाषाणमूर्ती आहे. हिला पुराणकथेचा आधार नाही. येथे तर घाई करणाऱ्यास हाती काहीच लागत नाही. मूर्तीभोवती सावकाश फिरून दगडाची वळणेच वाचावी लागतात.

१९३९ साली बाळासाहेबांनी राज्यकारभाराचे अधिकार प्रजेच्या हाती दिले. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. गादी गेली, चित्रे राहिली. जी चित्रे राजवाड्यात मूठभर पाहुण्यांनी पाहावयाची, ती शेतकऱ्याच्या मुलासही आज खुली आहेत. परंतु मालकी मिळाली म्हणून दृष्टी मिळाली असे होत नाही. ती प्रत्येकाने वेळ देऊनच मिळवावयाची असते.

यासाठी खर्च काही नाही. सांगलीकरांनी आपल्या गावच्या संग्रहालयापासून आरंभ करावा. एका भेटीत तीनच चित्रे निवडावी. नावाची पाटी शेवटी वाचावी. मुलांस बरोबर न्यावे, आणि ‘चला’ हा शब्द त्यांच्या आधी वडील माणसांनी उच्चारू नये. पुढच्या खेपेस त्याच तीन चित्रांपुढे पुन्हा उभे राहावे. पहिल्या खेपेस न दिसलेले काही दुसऱ्या खेपेस दिसले, तर औंधच्या राजाने वेचलेला पैसा वसूल झाला असे समजावे.