दफ्तराची भाषा आणि कामाची गती

कचेरीचे काम सुधारावयाचे म्हटले की नवी इमारत व वाढीव नोकरवर्ग यांचा विचार प्रथम होतो. मराठवाड्याचा प्रशासकीय इतिहास याहून अल्प खर्चाच्या एका उपायाची साक्ष देतो. तो उपाय म्हणजे दफ्तराची भाषा बदलणे.

हैदराबाद संस्थानात पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. कचेऱ्या वाढल्या, कागदही वाढले; लेखन मात्र फारसीतच होत राहिले. बोलणे एका भाषेत आणि टिपण दुसऱ्या भाषेत, अशी ही दुहेरी मेहनत होती. १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. लिपी जवळजवळ तीच आणि दफ्तरी संज्ञाही बव्हंशी त्याच असल्यामुळे जुन्या कारकुनास नव्याने शिकावे लागले ते थोडेच. तथापि नांदेड-लातूरकडील मराठीभाषी शेतकऱ्याची अडचण त्यामुळे दूर झाली नाही. सारा त्याने भरावा, परंतु त्याच्या जमिनीचा कागद दुसऱ्याने वाचून दाखवावा, ही स्थिती कायम राहिली.

ती पालटण्यास १९४८ मध्ये संस्थानाचे भारतात विलीनीकरण आणि १९५६ ची राज्यपुनर्रचना व्हावी लागली. ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला आणि पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम अमलात आला. या खटाटोपात तहसील, अर्ज, दाखला, दफ्तर हे फारसी-अरबी वळणाचे शब्द टिकले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रुळलेला शब्द घडवावा लागत नाही आणि शिकवावाही लागत नाही.

या काटकसरीचे एक देणे मात्र मागे राहिले. भाषेबरोबर लिपीही बदलली आणि जुने कागद नव्या कारकुनास दुर्बोध झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची गरज तीव्रतेने भासली. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झालेला. त्यामुळे तेथील जुन्या नोंदींचा माग जुन्या जिल्ह्याच्या दफ्तरातही घ्यावा लागतो. जात, जमीन व वारसा यांचे हक्क अशा कागदांवर अवलंबून असतात.

म्हणून भाषाबदलाचा हिशेब केवळ वाचलेल्या वेळेवरून करणे अपुरे होय. प्रत्येक जिल्ह्यात जुनी लिपी जाणणारे दोनचार कारकून तयार करणे, हा उपायही तितक्याच अल्प खर्चाचा आहे आणि विद्यापीठीय भाषाविभागांना तो आजही हाती घेता येण्याजोगा आहे.