पंगतीच्या पट्टीची इराणी भावंडं

पारशिवनीकडे लग्नाच्या पंगतीला लांबच लांब पट्ट्या अंथरतात. माणसं ओळीनं बसणार, म्हणून अंथरायचंही तसंच. इराणी गालिच्यांतला अरुंद, लांबट प्रकारही बसण्याच्या रीतीतूनच घडला. इराणी दिवाणखान्यात चार गालिच्यांचा संच असे: मधोमध मोठा, वरच्या अंगाला मानकऱ्यांसाठी आडवा आणि दोन्ही बाजूंना भिंतीलगत दोन ‘कनारे’. बैठक तिथेच बसे. हेच कनारे पुढे युरोपात गेले आणि बोळांत, जिन्यांवर पडले.

इराणातल्या हमदानच्या आसपासच्या खेड्यांत माग घरातच असायचा. त्याची रुंदी बेताची. लांबी मात्र ताणा गुंडाळत वाढवता येई. तीन फूट रुंद आणि दहा-पंधरा फूट लांब पट्टीवर एकच मोठं पदक शोभत नाही. विणकरांनी मग लहान पदकांची माळच लावली. सराब या इराणी गावच्या पट्ट्यांत ती उंटाच्या रंगाच्या मोकळ्या जमिनीवर उमटते.

जुन्या पट्टीवर बोट फिरवलं, की काळ्या रेषा खोल लागतात. लोखंडाच्या क्षारानं पक्का केलेला काळा रंग लोकरच खातो, म्हणून तिथली लव आधी झिजते. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा टिकून राहतात आणि फुलं आपोआप उठावदार दिसू लागतात. एकाच निळ्यात मध्येच फिकट पट्टा दिसतो, कारण लोकरीचा पुढचा घाणा वेगळा रंगला. जुन्या पट्टीचा खरा जीव या असमानपणातच आहे.

महाराष्ट्रात इराणी वळणाचं हे काम तुरुंगातही पोचलं. विजापूरच्या आसार महालात सतराव्या शतकातले गालिचे होते. येरवड्याच्या तुरुंगातल्या मागांवर त्यांच्या नकला विणल्या गेल्या. बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड या इंग्रज लेखकानं भारतीय कारागिरीवरच्या 1880 च्या आपल्या ग्रंथात तुरुंगांतल्या गालिच्यांवर कडक टीका केली. कैद्यांच्या स्वस्त मालापुढे पिढीजात विणकर कसा टिकणार? त्यांची तक्रार रास्तच होती. तरी येरवड्याच्या मागांनी एक मोलाचं काम केलं: झिजत चाललेल्या विजापुरी नक्षीची गाठ न गाठ पुन्हा बांधली.

आसार महालातले गालिचे आता गोल घुमटाच्या संग्रहालयात आहेत. विजापूरला जाणाऱ्यानं घुमटातल्या प्रतिध्वनीइतकाच वेळ त्यांनाही द्यावा.