शहाण्यांचें वेड

सट्टा हा अडाण्यांचा धंदा असून सुशिक्षितांस त्याची बाधा होत नाहीं, अशी समजूत आपल्या मध्यम वर्गांत फार दृढ आहे. मुंबईचा इतिहास मात्र या समजुतीस आधार देत नाहीं.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला व हिंदुस्थानच्या कापसास अपूर्व भाव आला. चार वर्षांत मुंबईंत अपार पैसा आला. तो पैसा खरा होता व त्याचें कारणही खरें होतें, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. वेडाचा आरंभ बहुधा खऱ्या गोष्टींतूनच होतो.

परंतु त्या पैशास पुरतील इतके उद्योग येथें नव्हते. तेव्हां नव्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या जानेवारींत शहरांत ३१ बँका, १६ फायनॅन्शियल असोसिएशनें व ८ जमीन-कंपन्या होत्या. त्यांपैकीं बॅकबे रिक्लमेशन कंपनी पश्चिम किनाऱ्यावरील समुद्र हटवून जमीन करणार होती. तिच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरास ५०,००० रुपयांच्या घरांत भाव आला, आणि जमीन तर अद्याप पाण्याखालींच होती! प्रेमचंद रायचंद यांनीं हात लावला कीं शेअर चढतो, अशी लोकांची श्रद्धा. खुद्द बँक ऑफ बाँबेनेंही पुरेशा तारणावांचून मोठमोठीं कर्जें दिलीं.

१८६५ च्या एप्रिलांत युद्ध मिटत आलें व कापूस उतरला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस. घेणाऱ्यापाशीं रोकड नाहीं, म्हणून विकणाराही बुडाला, व त्याला कर्ज देणारी बँकही डबघाईस आली. बँक ऑफ बाँबे १८६८ सालीं बंद झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानाची संपत्तीही या वावटळींत गेली. त्यांच्या बुद्धीविषयीं कोणास शंका घेतां येईल?

मग बुद्धि कोठें गेली? आमच्या मतें ती कोठेंच गेली नव्हती. ती चाकरींत होती. शेजाऱ्यानें महिन्याभरांत मिळविलेला नफा पाहून मन आधींच निर्णय करतें, आणि बुद्धि मागाहून त्यास कारणें पुरविते. भाव वाढला हाच भाव वाढण्याचा पुरावा ठरतो. उलट, उतरता शेअर विकणें म्हणजे आपला तोटा आपल्या तोंडानें कबूल करणें. म्हणून मनुष्य तो उराशीं धरून बसतो. डॅनियल काहनेमन व एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं हेंच प्रयोगांनीं मांडलें: मिळालेल्या शंभर रुपयांच्या आनंदाहून गमावलेल्या शंभरांचें दुःख आपणांस अधिक बोंचतें. सुरतेच्या या दलालानें आईच्या नांवें दिलेल्या देणगींतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला; त्याखालून जाणाऱ्या पदवीधरांचें मनही याच मातीचें आहे.

आतां गृहस्थानें काय करावें? शेअर घेऊंच नयेत, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मुलींचें शिक्षण, आजारपण व म्हातारपण यांचा पैसा अगोदर निराळा काढावा. नंतर प्रत्येक खरेदीपूर्वीं आपलें कारण कागदावर लिहावें. “सगळे घेताहेत” याखेरीज दुसरें कांहीं लिहितां येईना, तर तो कागद खिशांत ठेवावा, आणि पैसेही तेथेंच राहूं द्यावेत.