आरोपांचे एकत्रीकरण (ज्यूरीपुढील फौजदारी खटल्यांत)

एकाच आरोपीवरचे अनेक आरोप, किंवा एकाच गुन्ह्यातील अनेक आरोपी, एकाच खटल्यात एकाच ज्यूरीपुढे चालवणे. एकत्र आलेले आरोप वा आरोपी फोडून त्यांचे निरनिराळे खटले चालवणे म्हणजे पृथक्करण. प्रस्तुत नोंद मुख्यतः ब्रिटिश अमदानीतील आणि स्वातंत्र्यानंतर ज्यूरी रद्द होईपर्यंतच्या भारतीय खटल्यांपुरती आहे.

एकत्रीकरणाने साक्षीदारांचे हेलपाटे व कोर्टाचा वेळ वाचतो आणि परस्परविरोधी निकालांचा धोका टळतो. तोटा होतो तो आरोपीचा. एका आरोपाचा पुरावा दुबळा असला तरी दुसऱ्याच्या पुराव्याने मत कलुषित होते; एवढे आरोप आहेत त्या अर्थी काहीतरी असणारच, असा ग्रह बसतो. न्यायाधीश निकालपत्रात प्रत्येक आरोपाची कारणे देतो, ज्यूरी देत नाही. त्यामुळे ज्यूरीने कोणत्या पुराव्यावर कोणता आरोप शाबीत धरला, हे अपिलात तपासता येत नाही.

मूळ नियम व अपवाद. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम २३३ प्रमाणे प्रत्येक वेगळ्या गुन्ह्याचा आरोप वेगळा ठेवावा लागे आणि त्याचा खटलाही वेगळा चालवावा लागे. संहितेतीलच उदाहरण असे : एका प्रसंगी चोरी आणि दुसऱ्या प्रसंगी जबर दुखापत, असे दोन आरोप असल्यास दोन खटले. पुढील कलमे या नियमाचे अपवाद होत. कलम २३४ : एकाच प्रकारचे, बारा महिन्यांच्या आत घडलेले, जास्तीत जास्त तीन गुन्हे. ‘एकाच प्रकारचे’ म्हणजे एकाच कलमाखाली सारख्याच शिक्षेस पात्र असलेले. कलम २३५ : एकाच व्यवहाराचा भाग असलेल्या कृत्यांतून घडलेले गुन्हे, येथे संख्येची मर्यादा नाही. कायदेशीर ताब्यातील कैद्याला सोडवताना शिपायाला जबर जखमी केले, तर दोन्ही आरोप एकत्र चालत. कलम २३६ : कृत्य शाबीत होऊनही नेमका गुन्हा कोणता याचा संशय असल्यास पर्यायी आरोप. कलम २३९ : अनेक आरोपींचा एकत्र खटला.

‘एकच व्यवहार’ याची व्याख्या संहितेने दिली नाही. काळाची व स्थळाची जवळीक, कृतीतील सलगता आणि हेतूची एकता या कसोट्या न्यायालयांनी ठरवल्या. त्यांतील कोणतीही एक अपरिहार्य मानली गेलेली नाही.

मिश्र आरोप. मोफसलच्या (प्रेसिडेन्सी शहरांबाहेरील) सत्र न्यायालयांत काही गुन्हे ज्यूरीपुढे, तर काही असेसरांच्या साहाय्याने चालत. ज्यूरीचा निर्णय सामान्यतः बंधनकारक असे. असेसरांचे मत केवळ सल्ल्यापुरते. दोन्ही प्रकारचे आरोप एका खटल्यात आले, तर कलम २६९ (३) ने खटला न फोडता माणसांची भूमिका फोडली : तीच माणसे एका आरोपापुरती ज्यूरर आणि दुसऱ्यापुरती असेसर. एकाच साक्षीपुराव्यावर त्यांनी एका आरोपाचा निर्णय द्यायचा आणि दुसऱ्यावर फक्त मत सांगायचे. हे मत न्यायाधीशाला अमान्य करता येई, तर ज्यूरीचा निर्णय पटला नाही तर कलम ३०७ प्रमाणे प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागे. असेसरांची पद्धत १९५५ च्या दुरुस्तीने संपली.

सुब्रह्मण्य अय्यर खटला (१९०१). या विषयावरचा पायाभूत निर्णय. मद्रास उच्च न्यायालयात ज्यूरीपुढे चाललेल्या या खटल्यात आरोपीवर सुमारे दोन वर्षांत केलेल्या ४१ कृत्यांचा आरोप एकत्र ठेवला होता. कलम २३४ च्या दोन्ही मर्यादा, तीन गुन्हे आणि बारा महिने, ओलांडल्या गेल्या. उच्च न्यायालयाने आक्षेपार्ह भाग गाळून उरलेल्या आरोपावर शिक्षा कायम केली. प्रिव्ही कौन्सिलने ती रद्द केली. कायद्याने मनाई केलेल्या पद्धतीने खटला चालवणे ही कलम ५३७ ने सावरता येणारी अनियमितता नव्हे, ती बेकायदेशीरताच होय, असा लॉर्ड चॅन्सेलर हॉल्सबरी यांच्या निर्णयाचा गाभा होता. दुसरे कारणही महत्त्वाचे : नको तो पुरावा वजा करून उरलेल्यावर दोष ठरवणे म्हणजे न्यायालयाने ज्यूरीचे काम स्वतःकडे घेणे, मग त्या उरलेल्या आरोपावर आरोपीचा खटला खऱ्या अर्थाने झालेलाच नसतो.

टिळक खटला (१९०८). न. चिं. केळकर यांनी संपूर्ण कामकाज त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्यामुळे एकत्रीकरणाचा वाद या खटल्यात टप्प्याटप्प्याने पाहता येतो. बाळ गंगाधर टिळकांना २४ जून १९०८ रोजी मुंबईत अटक झाली. केसरीतील दोन लेख आक्षेपार्ह ठरवले होते : १२ मे चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून चा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. दंडसंहितेची कलमे १२४ अ (राजद्रोह) आणि १५३ अ (वर्गावर्गांत वैर वाढवणे) लावली होती. मॅजिस्ट्रेटकडून दोन प्रकरणे स्वतंत्रपणे उच्च न्यायालयाच्या सत्राकडे सोपवली गेली.

१३ जुलै रोजी न्या. दिनशा दावर यांच्यापुढे स्पेशल ज्यूरीसह काम सुरू झाले. ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन यांनी दोन्ही प्रकरणे एकत्र चालवण्याची मागणी केली. टिळक स्वतःच आपले काम चालवत होते; त्यांनी हरकत घेतली. दोन लेख, दोन कलमे, म्हणजे चार आरोप. कलम २३४ ची मर्यादा तीनची. शिवाय १२४ अ ची शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत, तर १५३ अ ची दोन वर्षांपर्यंत. म्हणजे हे गुन्हे ‘एकाच प्रकारचे’ नव्हेत. न्यायमूर्तींनी एकत्रीकरणास परवानगी दिली आणि अखेरीस तीन आरोप चालले : १२ मे च्या लेखाबद्दल १२४ अ, ९ जून च्या लेखाबद्दल १२४ अ आणि त्याच लेखाबद्दल १५३ अ. म्हणजे दोन लेखांना जोडणारे कलम २३४, तर एका लेखातील दोन गुन्ह्यांना जोडणारे कलम २३५. हे दोन अपवाद असे एकमेकांत गुंफता येतात काय, याविषयी न्यायालयांत पुढेही मतभेद राहिले.

सरकारपक्षाने हेतू दाखवण्यासाठी केसरीतील अन्य लेख आणि घरझडतीत सापडलेले, स्फोटकांवरील पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड पुराव्यात दाखल केले. खटले वेगळे चालले असते तरी हेतूचा पुरावा म्हणून दुसरा लेख ज्यूरीपुढे आलाच असता, असे एकत्रीकरणाच्या बाजूने म्हणता येते. मात्र तेव्हा ज्यूरर बदलले असते आणि प्रत्येक लेखावर स्वतंत्र निर्णय झाला असता.

ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते. टिळकांचे भाषण अनेक दिवस, एकूण २१ तासांहून अधिक चालले. २२ जुलै रोजी रात्री ज्यूरीने तिन्ही आरोपांवर सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. विरोधी मते दोन पारशी सभासदांची होती असे सामान्यतः मानले जाते. पहिल्या दोन आरोपांबद्दल प्रत्येकी तीन वर्षे काळे पाणी, एकामागून एक भोगावयाचे, आणि तिसऱ्याबद्दल १,००० रुपये दंड, अशी शिक्षा झाली. सहा वर्षांची मुदत अशा प्रकारे दोन आरोपांच्या बेरजेतून आली. प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची परवानगी उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नाकारली.

सहआरोपी. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांबरोबर केसरीचे मुद्रक केशव महादेव बाळ हेही आरोपी होते. ज्यूरीने टिळकांना सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवले आणि मुद्रकाला निर्दोष सोडले. सहआरोपींच्या बाबतीत भारतीय कायद्यात एक विशेष आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे, एकाच गुन्ह्यासाठी एकत्र खटला चालू असेल तरच एकाचा कबुलीजबाब दुसऱ्याविरुद्ध विचारात घेता येई. त्यामुळे खटला एकत्र की वेगळा, या प्रश्नावर पुराव्याचेही भवितव्य अवलंबून असे.

ज्यूरीविना खटले. १९०८ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाने तीन न्यायाधीशांचे, ज्यूरीविना चालणारे विशेष न्यायासन निर्माण केले. अशा न्यायासनापुढे चाललेल्या नाशिक कट खटल्यात वि. दा. सावरकरांना डिसेंबर १९१० मध्ये एक, आणि नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल वेगळ्या खटल्यात जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप झाली.

नानावटी खटला (१९५९). नौदल अधिकारी नानावटी यांच्यावर दंडसंहितेचे कलम ३०२ (खून) आणि कलम ३०४ भाग १ (सदोष मनुष्यवध) असे दोन आरोप एकाच कृत्यावर ठेवलेले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी दोन्हींबाबत निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती १९६१ मध्ये कायम केली.

अन्य देश. इंग्लंडमध्ये १९१५ च्या इंडिक्टमेंट्स ॲक्टने न्यायाधीशाला आरोप फोडण्याचा अधिकार दिला. खुनाच्या आरोपाबरोबर दुसरे आरोप न जोडण्याचा तेथील प्रघात १९६४ च्या कॉनेली निर्णयानंतर बदलला. अमेरिकेत १९६८ च्या ब्रूटन निर्णयाने, साक्ष न देणाऱ्या सहआरोपीचा दुसऱ्याला गोवणारा कबुलीजबाब एकत्र खटल्यात ज्यूरीपुढे आणण्यास बंदी घातली.

नंतरचा कायदा. १९५५ च्या दुरुस्तीने कलम ५३७ मध्ये ‘आरोपांचे चुकीचे एकत्रीकरण’ हे शब्द घातले. न्यायाची हानी झाल्याखेरीज अशा चुकीने निकाल रद्द होत नाही असे ठरले आणि १९०१ च्या निर्णयाची धार बोथट झाली. हा बदल ज्यूरी ओसरत असतानाच झाला, पण त्या दोहोंचा कार्यकारणभाव जोडण्याबाबत एकमत नाही. १९७३ च्या संहितेत, जी १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आली, ज्यूरीला स्थान उरले नाही; जुनी कलमे २१८ ते २२४ या क्रमांकांनी आली. नसीब सिंग (२०२१) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र खटला हा नियम असल्याचे सांगून, आरोपीची हानी आणि कामाचा विलंब या दोन कसोट्या मांडल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २४२ ने एकाच प्रकारच्या गुन्ह्यांची मर्यादा तीनवरून पाचवर नेली. बारा महिन्यांची अट तशीच आहे.