भयकथा आणि रूपेरी पडदा

लोकप्रिय कादंबरीवर चित्रपट निघाला, कीं वाचकांत दोन तट पडतात. मूळ पुस्तकाची सर चित्राला नाहीं, असें एक पक्ष म्हणतो. चित्र चांगलें वठलें असल्यास तें पुस्तकाशीं ताडून पाहण्याचें प्रयोजनच काय, असें दुसरा विचारतो. भयकथेच्या बाबतींत हा वाद अधिकच रंगतो, आणि त्याला कारणही आहे. अंधाऱ्या जिन्यावर पाऊल वाजलें, एवढेंच लिहून लेखक थांबूं शकतो. उरलेलें काम वाचकाची कल्पना करते. चित्रपटाला मात्र त्या जिन्यावर कोणाला तरी उभें करावेंच लागतें; आणि जें डोळ्यांना दिसलें, त्याचें भय निम्में ओसरलें. मग भयकथांचे चित्रपट यशस्वी होतात तरी केव्हां? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग ह्यांच्याइतकें सोयीचें उदाहरण दुसरें नाहीं. सन १९४७ मध्यें जन्मलेल्या ह्या लेखकाच्या कथांवर १९७६ पासून सतत चित्रपट निघत आले. त्यांत उत्तम, सामान्य व टाकाऊ अशा तिन्ही प्रती सांपडतात.

किंग ह्यांची पहिली प्रसिद्ध कादंबरी 'कॅरी' १९७४ सालची. मेन राज्यांत शिक्षकाची नोकरी करीत असतां त्यांनीं ती लिहावयास घेतली, आरंभींचीं पानें केराच्या टोपलींत टाकलीं, आणि पत्नी टॅबिथा हिनें तीं उचलून त्यांना पुढें लिहावयास लावलें. शाळासोबतिणींच्या छळाला आणि आईच्या धर्मवेडाला बळी पडलेली एक मुलगी व तिच्या अंगची अद्भुत शक्ति, हा तिचा विषय. कादंबरींत वृत्तपत्रांचे उतारे, चौकशीचे जबाब अशा कागदपत्रांची मांडणी आहे. ब्रायन डी पाल्मा ह्यांनीं १९७६ च्या चित्रपटांत ही मांडणी बाजूला सारली. परंतु मुलीची मानहानि आणि तिचा एकटेपणा ह्यांना धक्का लावला नाहीं. मुलीचें काम करणारी सिसी स्पेसेक व आईचें काम करणारी पायपर लॉरी ह्या दोघींचींही नांवें ऑस्कर पारितोषिकासाठीं पुढें आलीं. भयपटाच्या वांट्याला असा मान क्वचितच येतो.

ह्या इतिहासांतलें सर्वांत बोलकें प्रकरण मात्र 'द शायनिंग'चें आहे. सन १९७४ च्या शरदांत किंग पति-पत्नी कोलोरॅडोंतील एस्टेस पार्क येथल्या स्टॅन्ली हॉटेलांत उतरलीं. हंगाम संपत आला होता; ती अवाढव्य इमारत जवळजवळ रिकामी होती. त्या मुक्कामांतून १९७७ ची कादंबरी उभी राहिली. हिवाळ्यांत बर्फानें वेढलेल्या हॉटेलाची राखण करण्यास जॅक टॉरन्स हा मनुष्य बायको व लहान मुलगा ह्यांसह येतो. दारूच्या नशेंत त्यानें एकदां ह्याच मुलाचा हात मोडलेला आहे. आतां दारू सोडून संसार सांवरण्याची ही त्याची अखेरची संधि. हॉटेलांतील पिशाचें नेमकी हीच जखम हेरतात. शेवटीं मुलावर हात उगारला असतां क्षणभर त्याच्यांतला बाप जागा होतो आणि मुलाला पळून जावयास सांगतो. मागाहून तळघरांतला बॉयलर फुटून हॉटेल भस्मसात् होतें. किंग स्वतः त्या काळीं मद्याच्या आहारीं गेले होते. आपण आपलीच कथा लिहीत आहों, हें तेव्हां आपणांस उमगलें नव्हतें, असें त्यांनीं २००० सालच्या आत्मकथनपर पुस्तकांत नमूद केलें आहे.

स्टॅन्ली क्यूब्रिक ह्यांच्या १९८० च्या चित्रपटांत ही बापलेकांची बाजू जवळजवळ नाहींशी झाली. जॅक निकल्सन ह्यांनीं रंगविलेला बाप आरंभापासूनच वेडाच्या काठावर उभा दिसतो. मग त्याच्या अधःपाताची हळहळ वाटावी तरी कशी? अखेरीस तो बागेंतल्या चक्रव्यूहांत गारठून मरतो आणि हॉटेल तसेंच उभें राहतें. आंत इंजिन नसलेल्या भव्य व सुंदर मोटारीची उपमा किंग ह्यांनीं ह्या चित्राला दिली. वाईट चित्रांना थट्टेनें देण्यांत येणाऱ्या रॅझी पारितोषिकांसाठींही तें दोन विभागांत सुचविलें गेलें. पुढें काळानें निकाल फिरविला. ओसाड हॉटेलांतून तीनचाकी सायकल फिरविणारें तें मूल जगभर लोकांच्या स्मरणांत राहिलें, आणि २०१८ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदणींत ह्या चित्राचा समावेश झाला.

किंग ह्यांचें समाधान तेवढ्यानें झालें नाहीं. सन १९९७ मध्यें त्यांनीं स्वतः लिहिलेल्या पटकथेवरून, खुद्द स्टॅन्ली हॉटेलांत चित्रण होऊन, दूरचित्रवाणीवर ती कथा तीन भागांत पुन्हां सादर झाली. ती पुस्तकाशीं पुष्कळच इमानी होती. तथापि क्यूब्रिक ह्यांच्या चित्राला तिला लोकांच्या मनांतून हलवितां आलें नाहीं. त्यापूर्वीं १९८६ मध्यें 'मॅक्सिमम ओव्हरड्राइव्ह' ह्या चित्रपटाचें दिग्दर्शनही किंग ह्यांनीं केलें होतें. तो इतका पडला, कीं त्यांनीं पुन्हां त्या वाटेस जाण्याचें टाळलें. लेखकाचा शब्द न् शब्द पाळला, किंवा लेखक स्वतः कॅमेऱ्यामागें उभा राहिला, म्हणजे चित्र साधतेंच असें नाहीं.

ह्याच्या उलट, फ्रँक डॅराबाँट ह्या दिग्दर्शकानें २००७ मध्यें 'द मिस्ट'चा शेवट पार बदलला. मूळ कथा आशेचा एक बारीक तंतु ठेवून संपते. चित्रपटांत हताश झालेला बाप आपल्या मुलाला स्वतःच्या हातानें मारतो, आणि लगेच सुटकेचें सैन्य समोर येतें. किंग ह्यांनीं ह्या शेवटाची वाखाणणी केली. त्याच डॅराबाँट ह्यांचा 'द शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४) किंग ह्यांच्या १९८२ च्या 'डिफरंट सीझन्स' ह्या संग्रहांतील दीर्घकथेवर आधारलेला आहे. त्यांत भुताखेतांचा मागमूसही नाहीं. आहे तो तुरुंग आणि दोन कैद्यांची मैत्री. सात विभागांत नामनिर्देश होऊनही त्याला एकही ऑस्कर मिळालें नाहीं, व प्रथम प्रदर्शनांत खर्चही भरून आला नाहीं. परंतु पुढें घरोघरच्या कॅसेटींनीं व दूरचित्रवाणीनें त्याला अमाप प्रेक्षक मिळवून दिला. 'मिझरी' (१९९०) ह्या चित्रपटांतही भूत नाहीं. लाडक्या लेखकाला डांबून ठेवणारी एक वाचक आहे. त्या कामासाठीं कॅथी बेट्स हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचें ऑस्कर मिळालें.

ह्या इतिहासाचा एक धागा मराठी वाचकांपर्यंतही येऊन पोंचतो. भयाण, आजारी आजीपाशीं घरीं एकटा राहिलेला मुलगा हा किंग ह्यांच्या १९८४ सालच्या 'ग्रामा' ह्या कथेचा विषय. नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांनीं 'आजी' ह्या कथेंत तो मराठी वेषांत आणला. आणि राही अनिल बर्वे ह्यांच्या २०१८ च्या 'तुंबाड' ह्या हिंदी चित्रपटाच्या पहिल्या भागांत तोच प्रसंग महाराष्ट्रांतल्या एका गांवच्या अखंड पावसांत दिसतो. म्हातारीला निजविण्यासाठीं मुलगा 'हस्तर' हें नांव घेतो; 'ग्रामा'मध्येंही 'हस्तूर' हें नांव ह्याच कामीं येतें. देश, भाषा, काळ सर्व बदललें; एकट्या मुलाच्या उरांतली धडधड तेवढी तीच राहिली.

तेव्हां ह्या लेखकाच्या पुस्तकांचे चित्रपट यशस्वी झाले काय, ह्याचें सरसकट उत्तर देतां येत नाहीं. किंग ह्यांच्या कथांत पिशाच हें बहुधा निमित्त असतें. खरें भय घरांतलें असतें: बापाच्या व्यसनाचें, आईच्या हट्टाचें, मुलाच्या असाह्यतेचें. हें दुःख ज्यांनीं जपलें, त्यांनीं शेवट बदलला, वेष बदलला, तरी कथा जगली. क्यूब्रिक ह्यांचें चित्र ह्या नियमाला अपवाद खरें. तें श्रेष्ठ ठरलें, पण आपल्या स्वतंत्र बळावर. सन २०१९ मध्यें माइक फ्लॅनगन ह्यांनीं ह्याच कथेचा उत्तरार्ध 'डॉक्टर स्लीप' पडद्यावर आणला. त्यांत प्रौढ झालेला तो मुलगा, स्वतःही दारूच्या विळख्यांतून सुटलेला, हॉटेलांत आपल्या मृत बापासमोर बसतो आणि बापानें पुढें केलेला पेला नाकारतो. मग बॉयलर फुटतो, आणि ३९ वर्षें पडद्यावर उभें असलेलें तें हॉटेल अखेर जळतें. जुन्या चित्रांतलें आपलें शल्य ह्यानें दूर झालें, असें किंग ह्यांनीं बोलून दाखविलें.