भिंत हलते तेव्हा

नेहमीसारखाच पुनावळ्याहून बोलतोय. मागे हायवेचा आवाज येतोय, तो काही एडिट होत नाही, तेव्हा सांभाळून घ्या. आजचा विषय आहे कोरिओग्राफी. पण रील्सवाली नाही आणि लग्नातल्या संगीतवालीही नाही. या एपिसोडमध्ये जवळपास कोणीच नाचणार नाही.

सुरुवात घरापासून करतो. माझ्या पप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून नाहीत. मी सातवीत होतो. पप्पा तेव्हा भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालवायचे. पत्रा आत ठेवायचा, प्रेस खाली येते, पार्ट बाहेर काढायचा, दिवसभर हेच. एके दिवशी प्रेस खाली आली तेव्हा हात आतच होता. आमच्या घरात या विषयावर कोणी बोलत नाही. मीही बोललो नव्हतो, गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात एका मित्राने मला कोथरूडला एका मूव्हमेंट वर्कशॉपला ओढून नेलं. रविवार, सकाळचे दहा, आम्ही पंधरा जण, त्यात निम्मे आयटीवाले. घेणाऱ्या ताईंनी आधीच सांगितलं, "इथे नाच शिकवणार नाही. कोण, कधी, कुठे हलणार आणि हे कोण ठरवणार, एवढंच आज बघायचंय." मग बारा जणांना खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभं केलं. ओळीने हळूहळू झुलायचं. मागे दोघं काहीतरी करतील. ताईंनी टाळी वाजवली की ओळीने प्रेक्षकांकडे पाठ करायची, परत टाळी वाजली की तोंड करायचं. बस्स. पाचव्या मिनिटाला मला कसंतरीच व्हायला लागलं. मागे काय चाललंय ते मला कळत होतं, पण माझं काम फक्त झुलायचं होतं.

ताई म्हणाल्या, "ही भिंत पुण्याचीच आहे. 1972 ची."

तर आता थोडा इतिहास. 16 डिसेंबर 1972, पुण्याचं भरत नाट्य मंदिर. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद. नाना फडणवीस झाले होते डॉ. मोहन आगाशे. गोष्ट पेशवाईतल्या पुण्याची. घाशीराम हा खरोखरचा कोतवाल होता. 1791 मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले काही ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. तेंडुलकरांना मात्र इतिहासाचा धडा द्यायचा नव्हता. अशी माणसं तयार कोण करतं, वापरून झाल्यावर फेकून कोण देतं, हे त्यांना दाखवायचं होतं.

स्टेजवर वाडे नाहीत, रस्ते नाहीत. आहे ती माणसांची रांग. कोकणातल्या लोकनाट्यात गाणाऱ्या-झुलणाऱ्या माणसांची अशी ओळ असते, तिचं हे पुणेरी रूप. ही रांग गाते, झुलते, कधी कीर्तनाचे श्रोते होते, कधी जमाव होते. आणि गरज पडली की पाठ फिरवते. पाठ फिरली की मागे जे चाललंय ते झाकलं जातं, परत तोंड वळलं की उघडं पडतं. मुळगुंद स्वतः नर्तक होते, पण इथे त्यांनी बसवलेली सगळ्यात जबरदस्त गोष्ट कोणती, तर एका गावाचं बघणं आणि न बघणं. कोरिओग्राफी या शब्दाचं मूळ ग्रीक आहे, अर्थ साधारण 'नाच लिहिणं'. मुळगुंदांनी मौन लिहिलं, असं मला वाटतं.

हे पुण्याला झोंबलंच. नानांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, असे आरोप झाले. एकोणीस प्रयोगांनंतर नाटक बंद करण्यात आलं. मग ते करणाऱ्या मंडळींनी 1973 मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा उभं केलं. 1980 मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर गेलं, त्याआधी पुन्हा विरोध झाला. तरी भिंत झुलतच राहिली.

1976 मध्ये त्यावर सिनेमाही आला. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढून तो केला. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशी ती मंडळी. नाना पुन्हा आगाशे, आणि घाशीराम कोण? ओम पुरी. नाटक जसंच्या तसं शूट केलेलं नाही. लांबलचक शॉट्समध्ये कॅमेराच फिरतो, थांबतो, कोणाला फ्रेममध्ये घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं ते ठरवतो. नाटकात जे काम रांग करते, ते सिनेमात फ्रेम करते.

वर्कशॉपमध्ये दुसरा खेळ होता. आपण रोज जे काम करतो त्याच्या हालचाली हातात काहीही न घेता करून दाखवायच्या. माझी पाळी आली, तर माझ्याकडे होता फक्त अंगठा. स्क्रोल, स्क्रोल, टॅप. सगळे हसले, मीपण हसलो. पण डोक्यात एकदम वेगळंच सुरू झालं, कारण माझं कामच हालचालींचं आहे. मी ज्या टीममध्ये आहे ती कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. असेंब्ली लाइनवर कॅमेरा असतो, आमचं मॉडेल कामगाराचे हात ओळखतं आणि प्रत्येक हालचालीला लेबल लावतं. उचललं, ठेवलं, फिरवलं. आणि हात थांबले की लाल रंगात 'आयडल'.

हे आम्ही शोधलंय असं मला वाटायचं. नाही हो! अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवरा-बायकोने शंभर वर्षांपूर्वी हेच केलं होतं. फ्रँक आधी विटांच्या बांधकामात होते. एक वीट लावायला गवंडी अठराएक हालचाली करतो, त्या त्यांनी पाचेकवर आणल्या. 1912 च्या सुमारास त्यांनी कारखान्यात मूव्ही कॅमेरा लावला, फ्रेममध्ये वेगाने फिरणारं घड्याळ ठेवलं. कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधून लांब एक्स्पोजरचे फोटो काढले. त्यात माणूस पुसट होतो आणि हाताची वाट तेवढी उजेडाच्या रेषेत उरते. दिसायला फार सुंदर. पण माणूस पुसट होतो, हे लक्षात ठेवा.

दुसरं टोक म्हणजे रुडॉल्फ लाबान. हा खरा नृत्यातला माणूस. शरीराच्या हालचाली कागदावर लिहायची त्याची पद्धत आजही वापरतात. दुसऱ्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. पुरुष लढाईवर, कारखान्यात बायका. तेव्हा लाबानने एफ. सी. लॉरेन्स या सल्लागाराबरोबर कारखान्यांत काम केलं. जड टायर नुसत्या ताकदीने उचलण्याऐवजी अंगाचा झोका कसा वापरायचा, हे शिकवलं. 1947 मध्ये दोघांचं 'एफर्ट' हे पुस्तक आलं. झोका, वजन आणि विसावा मिळून काम होतं, असं तो मानायचा. म्हणजे थांबणंसुद्धा हालचालीचाच भाग.

आणि आपल्याकडे? 1928, मुंबई. गिरण्यांच्या मालकांनी रॅशनलायझेशन आणलं. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळायचे. मालकांच्या लेखी हा फक्त आकडा. विणकराच्या लेखी दिवसभराची नवी धावपळ, तीही दुसऱ्याने लिहिलेली. एप्रिल ते ऑक्टोबर संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्या संपाला मी तरी हालचालींवरचं भांडण म्हणेन.

त्या रविवारी रात्री घरी आलो. पप्पा गॅलरीत उभे राहून खालच्या अंडरपासचं ट्रॅफिक बघत होते. आमच्या घरचा हा फुकटचा शो. मी म्हटलं, "पप्पा, प्रेस कशी चालवायचात, करून दाखवा ना." आईने माझ्याकडे असं बघितलं की बस. पप्पा आधी काहीच बोलले नाहीत. मग चष्मा काढला आणि डायनिंग टेबलासमोर उभे राहिले.

डाव्या बाजूने पत्रा उचलला. ठेवला. दोन्ही हात बाहेर, दोन बटणं एकदम दाबली. थांबले. पार्ट काढला. परत पत्रा. प्रेस सोडून चार वर्षं झालीत, पण अंग विसरलेलं नाही.

दोन बटणं का, माहितीये? दोन्ही हात बटणांवर असले की आत एकही हात राहत नाही. कोणीतरी विचार करून लिहिलेली ही कोरिओग्राफी आहे, आणि ती हात वाचवते. पप्पा म्हणाले, "ही पद्धत नंतरच्या चाकणच्या कंपनीतली. भोसरीत एक बटण पट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. एक हात मोकळा, काम पटापट."

"मग हे चौकशीत नाही सांगितलं कोणी?"

"बारा जण होते शिफ्टला. साहेबाने सगळ्यांना ओळीत उभं करून विचारलं. कोणीच काही बघितलं नव्हतं."

मी गप्प. बारा जण, ओळीत. पप्पाच पुढे म्हणाले, "राग नाही रे माझा. सगळ्यांना घर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीपण नसतं बघितलं." ते शांतपणे बोलले, मला मात्र ते शांतपणे ऐकता आलं नाही. घाशीरामच्या भिंतीत उभी असलेली माणसं राक्षस नसतात, हे मला नाटकाबद्दल वाचून कळलं नव्हतं. सकाळी मीही त्या ओळीत झुलून आलो होतो, तरी कळलं नव्हतं.

मग मी अजून एक विचारलं. "बटण दाबल्यावर तुम्ही सेकंदभर थांबलात. कशासाठी?"

"आधीचा तुकडा डायमधून खाली पडला का, ते बघतो. अडकला असेल आणि वर दुसरा पत्रा ठेवला तर डाय फुटते. हात घालून काढायला गेलास तर बोट जातं."

आमच्या सॉफ्टवेअरने तो सेकंद लाल दाखवला असता. आयडल. आणि एखाद्या मॅनेजरने स्क्रीनकडे बघून म्हटलं असतं, हा सेकंद वाचवा.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं. आधी थोडी शांतता, मग कोणीतरी म्हणालं, "डेटामध्ये असं काही दिसत नाही." मी म्हटलं, दिसणार नाहीच, कारण लेबलं आपण ठरवलीत, मशीनवरच्या माणसाला विचारलेलं नाही. बरंच डोकं लावल्यावर एवढं झालंय की यादीत 'पाहणी' नावाचं नवं लेबल आलंय. ते कामाच्या वेळेत धरायचं की वाया गेलेल्या वेळेत, हे अजून ठरायचंय. ते क्लायंट ठरवणार आहे. लाइनवरच्या दोन ऑपरेटरना त्या चर्चेत बसवा, असा मेल मी टाकलाय. उत्तर आलेलं नाही. आलं की सांगेन.

तोपर्यंत तुम्ही एक करा. घरात जे कोणी हाताने काम करत आलेत, आई असेल, आजोबा असतील, त्यांना त्यांचं काम हातात काहीही न घेता करून दाखवायला सांगा. ते कुठे थांबतात तेवढं बघा. आणि का थांबलात, ते विचारा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.